हिंगोलीकरांनो, आधी बास उतरवा

आवाहन एका ओळीचं आहे. ज्यांच्या कानात या क्षणी नेकबँड, बड्स किंवा वायरचा इअरफोन आहे, त्यांनी मोबाईलची सेटिंग उघडावी, इक्वलायझर शोधावा, 'बास बूस्ट' बंद करावा आणि त्यानंतर आवाज दोन-तीन पायऱ्या खाली आणावा. हे आज करायचं आहे. गणपती झाल्यावर, भरती झाल्यावर, हळद विकल्यावर असं नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं करून इथेच थांबलं तरी चालेल. पुढचं लिखाण 'पण का?' असं विचारणाऱ्यांसाठी आहे, आणि आपल्याकडे 'पण का?' विचारल्याशिवाय कोणी काही बंद करत नाही, हे मला माहीत आहे.

पहाटे हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत यातल्या कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर उभं राहा. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतील. त्यातल्या कितीतरींच्या गळ्यात नेकबँड असतो आणि त्यात असं गाणं, की ज्याचा ठोका पावलाबरोबर पडावा. दहा वाजता तीच मुलं अभ्यासिकेत बसतात. तिथे शेजाऱ्याच्या कुजबुजीचा त्रास नको म्हणून पुन्हा कानात काहीतरी. दुपारी एसटी, संध्याकाळी रील्स, रात्री उशाशी फोन. ऊसवाहतुकीच्या किंवा मळणीच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर इंजिनाचा आवाज झाकण्यासाठी गाणं लावतो. इंजिन काही हळू होत नाही, तेव्हा गाणंच वाढतं. हा कान सुट्टी घेतो कधी?

आता खोक्याकडे बघा. मोबाईलच्या दुकानात टांगलेल्या इअरफोनच्या खोक्यांवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय छापलेलं असतं? बास. डीप बास, एक्स्ट्रा बास, पॉवर बास. तबल्याची चाट स्वच्छ ऐकू येते किंवा गायिकेचा श्वास कळतो, असं कोणी छापत नाही. त्याचं कारण साधं आहे. गिऱ्हाईक दुकानात उभ्या-उभ्या दहा सेकंद ऐकतं, आणि दहा सेकंदांत छाप पाडतो तो दणकाच. स्वच्छ आवाजाची चव कळायला वेळ लागतो. दणका लगेच कळतो. शिवाय दणक्याखाली स्वस्त स्पीकरचे बाकीचे दोष झाकले जातात. त्यामुळे पाचशे-हजाराच्या वस्तूत बास मुद्दाम फुगवून दिलेला असतो. वर फोनमध्ये आपण पुन्हा बास बूस्ट लावतो आणि गाणंही आधीच 'बास बूस्टेड' म्हणून शोधून काढलेलं असतं. एकाच आवाजाला तीनदा फुगवल्यावर जे कानात जातं, त्याला संगीत म्हणायचं की नाही, हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न. कानाचं काय होतं, हा मात्र आवडीचा प्रश्न नाही.

आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात एक लवचीक पडदा लांबीभर पसरलेला असतो आणि त्याच्यावर बारीक केसांच्या पेशी रांगेने बसलेल्या असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. बारीक, तीक्ष्ण आवाज या नळीच्या दाराशीच नोंदवले जातात. खर्जातला आवाज, म्हणजेच बास, दारातून शिरतो आणि सगळा पडदा हलवत-हलवत शेवटच्या वळणापर्यंत जातो. आवाजाच्या या लाटेचा शोध लावल्याबद्दल जॉर्ज फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. आपल्या कामाचा भाग असा की, जोरदार खर्ज वाटेतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. बारीक आवाज खर्जाला तेवढं झाकू शकत नाही. म्हणून फुगवलेल्या बासमध्ये गाण्याचे शब्द बुडतात, बासरी बुडते, हार्मोनियमचा मधला सूर बुडतो. मग माणूस काय करतो? शब्द ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवतो. त्याबरोबर बासही वाढतो, शब्द पुन्हा बुडतात, बोट पुन्हा वरच्या बटणावर जातं.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. बास हा आवाज वाढवायला लावतो. एकट्या बासने कान जातो असा दावा मी करत नाही. उलट, त्याच जोराचा बारीक आवाज कानाला खर्जापेक्षा जास्त लागतो. बासचा गुन्हा वेगळा आहे. तो तुमच्या बोटाला वरचं बटण दाबायला लावतो आणि त्या बटणाबरोबर सगळाच आवाज वर चढतो. म्हणून नुसतं 'आवाज कमी ठेवा' हा सल्ला टिकत नाही. शब्द ऐकू येत नाहीत तोवर कोणी आवाज कमी ठेवणार नाही. आधी बास उतरवला की शब्द आपोआप वर येतात, आणि मग आवाज कमी करताना काही गमावल्यासारखं वाटत नाही. करून बघा. पहिले दोन दिवस गाणं पातळ वाटेल, तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच गाण्यात आधी न ऐकलेली वाद्यं सापडतील.

मोठ्या आवाजाने कान बिघडायला लागतो तो साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक आवाजांच्या पट्टीत. तिथल्या केसांच्या पेशी आधी मरतात, आणि माणसाच्या कानात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानात उगवते, तेवढं नशीब आपलं नाही. गंमत म्हणा की क्रूरपणा, पण हे बिघडलेलं माणसाला कळत नाही, कारण बास तर पहिल्यासारखाच ऐकू येतो. ढोल वाजला तर ऐकू येतो, ट्रक आला तर ऐकू येतो. हरवतात ते स, श, च, त, ख, फ हे वर्ण. समोरचा बोलतोय एवढं कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. घरी सगळे म्हणतात, याचं लक्षच नसतं.

आपल्या जिल्ह्यात या वर्णांची किंमत रुपयांत मोजता येते. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीचे सौदे होतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाहेरचे व्यापारी येतात, बोली भरभर पुढे जाते. गर्दीत कोणी 'साठ' म्हटलं आणि तुमच्या कानापर्यंत 'स' पोचलाच नाही, तर उरतं 'आठ'. बोलीत उभ्या असलेल्या माणसाला हे चालेल का? हमालाला, अडत्याला, शेतकऱ्याच्या पोराला?

कान आपल्याला आणखी एका बाबतीत फसवतो. खर्जातला आवाज कानाला मुळातच कमी मोठा भासतो. तेवढ्याच जोराचा मधला आवाज आपण 'बाप रे' म्हणून कमी करू, पण बास तेवढाच असूनही 'मजा येतेय' असं वाटतं. आवाज मोजणारी सरकारी मीटरंसुद्धा कानाच्या याच सवयीप्रमाणे आकडे धरतात. साठ-सत्तर हर्ट्झच्या आवाजातून मीटर सुमारे पंचवीस डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, ती याच मापाने. त्यामुळे डीजेच्या गाडीसमोर छाती हादरते, खिडकीच्या काचा वाजतात, आणि कागदावरचा आकडा त्या मानाने सौम्य दिसतो. डीजेबद्दल जिल्ह्यात पुष्कळ बोलून झालं आहे. मला एवढंच सांगायचं आहे की डीजेसमोर नाचलेला कान आणि दुसऱ्या दिवशी इअरफोन घातलेला कान एकच असतो, आणि त्याच्या खात्यावर दोन्हींचा हिशेब एकत्रच लिहिला जातो.

तो हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने सोपा करून ठेवला आहे. ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०. नव्वदीला पोचलात की आठवड्याला चार तास, म्हणजे दिवसाला पस्तीस मिनिटंसुद्धा नाहीत. शंभरावर नेलंत तर आठवड्याला वीसेक मिनिटं, चार-पाच गाणी. मोबाईल आणि इअरफोनची जोडी पूर्ण आवाजात शंभराच्या घरात सहज जाते. चालत्या ट्रॅक्टरवर किंवा एसटीच्या मागच्या बाकावर आजूबाजूचाच आवाज ऐंशीच्या पुढे असतो. त्याच्यावर गाणं ऐकायचं म्हणजे नव्वद ओलांडणं आलंच. म्हणून ट्रॅक्टरवर इअरफोन नको हे मी आवडीचा भाग म्हणून सांगत नाही, तो सरळ हिशेब आहे. हळदीच्या पॉलिशच्या ड्रमजवळ काम करणाऱ्यांनी तर कानात गाणं नाही, फोमचे बोळे घालावेत. मेडिकलमध्ये मिळतात, चहाच्या दोन-तीन कपांच्या किमतीत जोडी येते.

जगात बारा ते पस्तीस वयाच्या शंभर कोटींहून अधिक लोकांचे कान या ऐकण्याच्या सवयींमुळे धोक्यात आहेत, असं हीच संघटना म्हणते. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही राज्यांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना पत्र लिहून इअरफोनचा वापर दिवसाला दोन तासांपुढे नको, मध्ये-मध्ये विश्रांती हवी, असं कळवलं. पत्र निघालं. आपल्या गावात ते कोणाच्या कानावर पडलं?

कोणी म्हणेल, तुम्हाला ठेक्याचंच वावडं आहे. मुळीच नाही. ज्या मातीत नरसीचे नामदेव जन्मले, तिथल्या माणसाला ठेका नको असं कोण सांगणार? पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती खर्ज खोल व्हावा म्हणूनच. तो पोटात घुमणारा 'धुम' आपल्या भजनाचा पाया आहे. संबळ, ढोल, दोन्हींत खर्ज आहे. पण पखवाजी कधी अभंगाचे शब्द बुडवत नाही. बुडवले तर बुवा तिथल्या तिथे त्याच्याकडे बघतात. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. ते कीर्तन टाळ-वीणेचं होतं आणि त्यात शब्द ऐकू येत होते.

औंढ्याचा विषय निघालाच आहे तर एक नवी गोष्टही सांगायला हवी, कारण ती ज्यांच्या तालुक्यात घडते आहे त्यांनाच पुष्कळदा माहीत नसते. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे. केंद्राने २०१६ मध्ये तिला तत्त्वतः आणि २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आणि त्यात लेझरचा किरण. दूरच्या अवकाशात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी सूक्ष्म थरथर सुटते, ती इथे टिपायची. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली थरथर पकडली. ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती, पाव सेकंदही टिकली नाही, आणि तिची कंपनं साधारण ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. ही थरथर म्हणजे आवाज नव्हे, पण तिचं आवाजात रूपांतर केलं तर ती पडते नेमकी त्या पट्टीत, ज्याला खोक्यावर 'बास' म्हणतात.

ही जागा निवडताना काय बघितलं? जमीन शांत आहे की नाही. कठीण खडक, हादरे कमी, मोठी वाहतूक आणि कारखाने लांब. विश्वातला सगळ्यात नाजूक खर्ज ऐकण्यासाठी शास्त्रज्ञांनी देशभर शोधून आपला जिल्हा निवडला आणि आपण त्याच जिल्ह्यात त्याच पट्टीचा आवाज तीनदा फुगवून स्वतःच्या पोरांचे कान खराब करतो आहोत. तिथे उद्या तंत्रज्ञ लागतील, अभियंते लागतील. आपली मुलं तिथे असावीत असं वाटत असेल, तर मुलाखतीत समोरच्याचा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच ऐकू यायला हवा.

भरतीच्या मुलांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. तुम्ही छातीचा सेंटिमीटर मोजता, सोळाशे मीटरची सेकंदं मोजता. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत कानाचंही माप आहे: शांत खोलीत, परीक्षकाकडे पाठ करून उभं राहायचं आणि ६१० सेंटिमीटरवरून, म्हणजे वीस फुटांवरून, केलेली कुजबुज दोन्ही कानांनी वेगवेगळी ऐकायची. कुजबुजीत खर्ज नसतोच. ती सगळी स-श-च-त ची असते. दोन वर्षं पळून कमावलेलं त्या खोलीत कुजबुजीपायी जावं, यासारखं दुसरं दुःख नाही. आणि पहाटे रस्त्यावर पळताना दोन्ही कान बंद असतील तर मागून येणारा ऊसाचा ट्रॅक्टर ऐकू येणार नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गाच्या कडेने चालणाऱ्यांनी तर ते कानातलं काढून खिशातच ठेवावं.

आता जबाबदारी वाटून घेऊ. मोबाईल दुकानदारांनो, डेमो दाखवताना बास बूस्ट बंद करून दाखवा. पाकिटातल्या तिन्ही मापांच्या रबरी टोप्या गिऱ्हाइकाला घालून बघायला सांगा. टोपी कानात नीट बसली नाही की बास बाहेर गळतो आणि माणूस आवाज वाढवतो. नीट बसली की कमी आवाजात भागतं. हे समजावून सांगायला एक मिनिट लागतं आणि गिऱ्हाईक परत येतं.

अभ्यासिका चालवणाऱ्यांनो, शांतता तुम्ही राखलीत तर मुलांना कान बंद करावे लागणार नाहीत. खुर्च्यांच्या पायांना रबर लावा, दार आपटणार नाही असं करा, फोनवर बोलणाऱ्याला बाहेर काढा. त्यातूनही कोणाला आवाज नकोच असेल तर त्याला फोमचे बोळे सांगा, गाणं नाही.

आई-वडिलांनो, लेकराच्या हातातून फोन हिसकावून काही होत नाही, ते आपण सगळ्यांनी करून बघितलं आहे. त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येते. ती त्याच्यासमोर, त्याला सांगून साठ टक्क्यांवर ठेवा. एक साधी परीक्षाही करा. तो इअरफोन घालून बसलेला असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात त्याला हाक मारा. ऐकू आली नाही, किंवा त्याच्या कानातली चिकचिक तुम्हालाच ऐकू आली, तर आवाज जास्त आहे. इअरफोन लावून झोपू देऊ नका. लहान मुलांच्या हेडफोनच्या आवाजाबद्दल तर तडजोडच नको.

गुरुजी आणि मॅडम, मागच्या बाकावरचा मुलगा सारखा 'काय?' विचारत असेल तर त्याला खट्याळ ठरवण्याआधी कान तपासायला पाठवा. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला तसं आवर्जून सांगा. दरवर्षी ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. त्या दिवशी प्रार्थनेनंतर वर्गातल्या मोठ्या मुलांच्या फोनमधला बास बूस्ट एकदम बंद करून घ्या, भाषण नको.

आणि दसरा महोत्सवाच्या, गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना एकच विनंती. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना आहे, लांबून माणसं येतात. बासच्या पेट्यांची भिंत रचू नका, आणि पेट्यांसमोर लहान मुलांना उभं राहू देऊ नका.

शेवटी सगळ्यात तातडीचं. गाणं बंद केल्यावर कानात कुई वाजत राहते, शिट्टी घुमते, कान भरल्यासारखा वाटतो, गर्दीत बोललेलं कळत नाही, ही लक्षणं असतील तर ऐकण्याची तपासणी करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचं 'हिअरडब्ल्यूएचओ' हे मोफत ॲप प्राथमिक अंदाज देतं, पण त्यावर विसंबून राहू नका. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे, आणि नांदेडही फार लांब नाही. एका कानाने एकाएकी ऐकू येणं कमी झालं, सकाळी उठल्यावर एक कान बंद असल्यासारखा वाटला, तर ते मळाने किंवा सर्दीने झालं असेल म्हणून वाट बघू नका. कानाची नस अचानक दुखावली गेली असेल तर औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. तीन दिवसांच्या आत डॉक्टर गाठा. तोवर कानात कोमट तेल नको, लसणाचं तेल नको, काडी नको, मेडिकलवरून आणलेले थेंबही नकोत. आणि तो इअरफोन तर नकोच.